दुसरा फेरा

१

सिडकोत एन-सातला सावनी मॅडमच्या भावाचा फ्लॅट आहे. भाऊ पुण्याला असतो, फ्लॅट रिकामा. मी रोज सकाळी तिथं जायचो. कुलूप काढायचं, खिडकीतली कबुतरं हुसकायची, हात धुऊन कोरडे करायचे, मग व्हायोलिनची पेटी उघडायची.

हे व्हायोलिन तुम्ही पाहिलेलं असतं तसलं नाही. त्याच्या तारा लोखंडाच्या नसून मेंढीच्या आतड्याच्या असतात. हनुवटी टेकवायला वाटी नसते. गज बाहेरच्या अंगाला वाकलेला असतो. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात जे संगीत वाजत होतं त्याला बरोक म्हणतात, आणि ते तेव्हा जसं वाजत होतं तसंच आज वाजवायचं, असं हे काम आहे. मॅडमनी ते हॉलंडमध्ये वीस वर्षं केलं. आई थकली म्हणून त्या परत आल्या.

मी देवगाव रंगारीचा. शाळा नववीत सुटली. कन्नडला रामकिसनदादाच्या साउंड सिस्टीमवर होतो. एकदा शहरातल्या एका हॉलमध्ये आम्ही स्पीकरचे दोन मोठे बॉक्स जिन्यानं वर चढवले, तर कार्यक्रमाच्या बाई, म्हणजे सावनी मॅडम, म्हणाल्या, "मला माइक नको. हे खाली न्या." दादा तणतणत चहाला गेला. मी एका बॉक्सवर बसून ऐकलं. त्या प्रत्येक भाग एकदाच वाजवायच्या आणि हसून म्हणायच्या, "पुढचं तुम्ही मनात ऐका." लोकही हसायचे. मी हसलो नाही. मला वाटलं, हे शिकायचं.

नंतर कळलं की त्या संगीतात प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. पहिला फेरा साधा. दुसरा फेरा आपल्या हरकती घालून. लिहिलेलं काही नसतं. दुसऱ्या फेऱ्यात वाजवणारा कोण आहे ते कळतं.

मॅडमची शिकवायची रीत अशी होती की आपलं जे असेल ते काढून टाकायचं. हनुवटी टेकवायची नाही. बोट हलवून सूर थरथरवायचा नाही. "तू मधे येऊ नकोस, गोकुळ," त्या म्हणायच्या. "जागा करून दे." आणि रियाझात दुसरा फेरा वाजवायचाच नाही. व्हायोलिन खांद्यावर तसंच ठेवून गज खाली घ्यायचा आणि फेऱ्याला लागेल तेवढा वेळ गप्प उभं राहायचं. हरकती नुसत्या मनात ऐकायच्या.

पाच वर्षं मी अशी जागा रिकामी ठेवत आलो.

यंदा मे संपायच्या आत हॉलंडमधल्या एका संगीतशाळेला रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. तिथं दहावीचा कागद विचारत नाहीत, वाजवणं विचारतात. ते जमलं नाही तर लग्नसराईत मी पुन्हा दादाच्या बॉक्सखाली. दादा फोनवर म्हणायचा, "तुझी जागा ठेवलीय रं, ये कधी बी." त्याचं मन चांगलं आहे. पण मला चारचौघांत बोलता येत नाही, हिशेब येत नाही, गाडी येत नाही. मला हे एकच येतं.

२

आतड्याच्या तारा सुरात राहत नाहीत. हवा जरा बदलली की एक चढते, एक उतरते. रोज सकाळी माझा पहिला वेळ खुंट्या पिळण्यात जातो.

एप्रिलमधल्या एका सकाळी चारही तारा सुरात होत्या.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मी कुलरकडे पाहिलं. कुलर बंद होता, टाकी कोरडी. दुसऱ्या दिवशी तारा पुन्हा सुरात. त्यानंतरही. मी मुद्दाम निघताना चारही खुंट्या सैल करून गेलो. सकाळी आलो तर लावलेल्या.

आणि मग मला एक डाग दिसला. तारा खालच्या टोकाला एका काळ्या पट्टीत अडकवलेल्या असतात. त्या पट्टीच्या उजव्या बाजूला पॉलिश मंद झालं होतं. मोटरसायकलच्या टाकीवर गुडघा घासून होतं तसं. मी फडक्यानं पुसलं. जाईना. तो मळ नव्हता, झीज होती. आजकालचे वाजवणारे हनुवटी डावीकडं टेकवतात. मी तर टेकवतच नाही. हे व्हायोलिन मॅडमनी परत येताना नवं करून आणलं होतं, आणि माझ्याशिवाय कुणी वाजवलेलं नव्हतं.

पहिला संशय हिमांशूवर. हिमांशू मॅडमचा भाचा, इंजिनिअरिंगला आहे आणि रेकॉर्डिंगचं सगळं सामान त्याचं.

"तू माझं व्हायोलिन घेतोस का रे?"

"अबे, मी? त्या दिवशी नुसता गज उचलला तर असा बघत होतास, जशी तुझी म्हैस सोडून चाललोय."

"मग हा डाग?"

त्यानं वाकून पाहिलं. "भाई, घाम आहे तुझा. वाजवताना कुठं कुठं वाकतोस, आरशात बघ एकदा."

तो गेल्यावर मी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून वाजवलं. हनुवटी अधांतरी होती. व्हायोलिनपासून चांगली चार बोटं वर.

किल्ल्या तीनच होत्या. एक माझ्याकडं, एक मॅडमकडं, एक कडूबाई मावशीकडं.

३

कडूबाई मावशी त्या बिल्डिंगचे जिने झाडते आणि पाण्याच्या दिवशी बंद फ्लॅटांतल्या टाक्या भरून ठेवते. ती कन्नडकडची असल्यानं तिच्याशी मला बोलता येतं.

ती पायरीवर बसून तंबाखू मळत होती. मी विचारलं, "मावशी, मी नसताना कुणी येतं का वर?"

"कोण मरायला येतंय? आन् आता दुसरं कशाला कोण पायजे, तुमीच दोघं हायेत की."

"दोघं कोण?"

"तू आन् तुझा जोडीदार." तिनं चुना बोटाला लावला. "खोटं नाय बोलत, पण त्याचा हात बरा हाय. तुझं आपलं घाईघाईचं. एस्टी सुटल्यावानी. त्याचं कसं, सबुरीनं."

"मावशी, मी एकटाच वाजवतो."

"तर! रोज जिना झाडते मी. आदी तू वाजवतूस. मग तू गप होतूस. मग तो वाजवतो." तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय रं? आसं काय बघतूस? मी काय बहिरी हाय?"

मी वर आलो आणि दार लावलं. जिन्यात आवाज घुमतो, हे खरं. माझंच वाजवणं भिंतीवर आपटून पुन्हा खाली जात असेल, हेही होऊ शकतं. साउंड सिस्टीमवर काम केलेल्या माणसाला आवाजाचे असले खेळ माहीत असतात. मी खोलीत टाळी वाजवून पाहिली. खोली लहान, पडदे जाड, गादी भिंतीला उभी केलेली. टाळीचा आवाज तिथल्या तिथं मेला.

मी गप्प असताना. म्हणजे व्हायोलिन पेटीत नसतं तेव्हा. माझ्या खांद्यावर असतं तेव्हा.

४

मॅडम समर्थनगरला राहतात. त्यांनी सरबत केलं. मी ग्लास हातात धरून कसंबसं बोललो. तारांचं सांगितलं. मग डागाचं.

"कोणत्या बाजूला?"

"उजव्या."

त्यांचा हात नकळत वर गेला आणि उजव्या जबड्याखाली थांबला. तिथं एक तपकिरी घट्टा आहे. पाच वर्षं मी तो पाहत होतो आणि तीळ समजत होतो.

"पूर्वी काही जण उजवीकडे टेकवायचे," त्या म्हणाल्या. "जुन्या व्हायोलिनांवर तशा खुणा असतात. मीही तशीच धरायचे."

मी ग्लास खाली ठेवून विचारलं. "मॅडम, मी नसताना तुम्ही फ्लॅटवर येता का? वाजवायला?"

"मला वाजवता येत नाही."

"तुमचा हात दुखतो, असं सगळे म्हणतात..."

"हात ठणठणीत आहे." त्यांनी दोन्ही हातांची बोटं ताणून मला दाखवली. लहान मुलाला दाखवतात तशी. "तिकडे एकदा, भर कार्यक्रमात, दुसऱ्या फेऱ्याला मी सवयीनं गज खाली घेतला. रियाझात घेतो ना, तसा. लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. मग तशीच उभी राहिले. मोजत. फेरा संपला आणि टाळ्या पडल्या. नंतर जो भेटेल तो त्या दुसऱ्या फेऱ्याबद्दलच बोलत होता. किती सुंदर झाला म्हणून."

"मग वाजवला कुणी?"

त्यांनी बोटं मिटली. "त्यानंतर मला पहिलाच फेरा येतो," म्हणाल्या. "पुढचं येत नाही. बोटं साधंच वाजवतात."

मला तो हॉल आठवला. पुढचं तुम्ही मनात ऐका.

"मग मला थांबायला का शिकवलंत?"

"मलाही तसंच शिकवलं होतं रे."

सरबत गरम होऊन गेलं होतं. मी उठलो. त्या फाटकापर्यंत आल्या, एरवी त्या कधी येत नाहीत.

"रेकॉर्डिंगच्या दिवशी थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "सरळ वाजव."

"आणि तोवर?"

त्यांनी फाटकाची कडी लावली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तोवर थांबत जा. पूर्ण मोजून."

५

मी थांबायचं सोडायला हवं होतं. पण पाच वर्षांचा हात आपोआप खाली येतो. शिवाय मला बघायचं होतं.

पहिले काही दिवस काही झालं नाही. फेरा वाजवायचो, गज खाली, कान उभे. कबुतरं. खालच्या मजल्यावरचा कुकर. रस्त्यावरून पाण्याचा टँकर. मला हसू आलं. कडूबाईचा कान आणि मॅडमचं दुखणं, दोन्ही मिळून माझं डोकं फिरवत होते. मॅडमना मी जायला नको असेल. त्यांचं बंद पडलं, आता माझंही पडावं असं वाटत असेल. वाईट विचार होता, पण तो बरा वाटला. माणसाचा होता.

मग एका सकाळी गज खाली घेतला आणि व्हायोलिन जड झालं.

फार नाही. झोपलेलं मूल मान टाकतं तेवढं. खांद्याच्या हाडावर दाब आला, आणि व्हायोलिन हळूच उजवीकडं कललं. मी डावा हात घट्ट केला. मान वळवली नाही. समोर कपाटाचा आरसा होता, त्यात बघायचं धाडस झालं नाही म्हणून मी खिडकीच्या कडीवर नजर ठेवली आणि मोजत राहिलो. तारा माझ्या बोटांखाली होत्या. त्या थरथरत होत्या, वाजत असल्यासारख्या. मला ऐकू काहीच येत नव्हतं.

फेरा संपला. वजन उचललं गेलं.

जिन्यात झाडू थांबला होता. खालून कडूबाईचा आवाज आला, "वा रं वा!"

मी खिडकीशी गेलो. खाली गुलमोहराच्या सावलीत मॅडमची पांढरी गाडी उभी होती. उन्हाळ्यातल्या सकाळी, काचा खाली केलेल्या. त्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसल्या होत्या. त्या आत्ता आल्या होत्या की रोज येत होत्या, मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

६

रेकॉर्डिंगच्या दिवशी कुलर बंद ठेवावा लागला, आवाज येतो म्हणून. खोली तापली होती. हिमांशूनं माइक लावला आणि गादीला टेकून बसला.

मी सरळ वाजवलं. न थांबता. पहिला फेरा बरा झाला. दुसऱ्यात माझ्या हरकती घातल्या. आता माझ्या हरकती म्हणजे काय, तर आमच्या गावच्या बँडमध्ये कचरूकाका क्लॅरिनेट वाजवायचा. वरच्या सुरावर जाताना तो एक हिसका द्यायचा, दावणीचं वासरू देतं तसा. तो हिसका माझ्या बोटांत बसलाय. मॅडमनी पाच वर्षं काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही.

"नॉट बॅड," हिमांशू म्हणाला. "पण भाई, ते मधेच हळदीला गेल्यासारखं का वाटतंय?"

पुन्हा वाजवलं. पुन्हा हिसका.

"थांब, उसाचा रस आणतो. चालूच ठेवतो, तू घे अजून एक." तो गेला.

मी एकटा. घाम डोळ्यांत जात होता. सुरू केलं. पहिला फेरा इतका चांगला कधीच झाला नव्हता. खोलीत मी नव्हतोच जणू. शेवटचा सूर संपला आणि माझा उजवा हात, त्याचा तो, खाली आला.

वजन आलं. या वेळी पूर्ण. उजव्या गालाला गार लागलं, कुणी श्वास आत ओढून घ्यावा तसं. मला गज वर न्यायचा होता. हात पाठीमागं बांधल्यासारखा झाला. या वेळी मी आरशात पाहिलं. एक क्षणच. आरशात मी होतो, गज खाली, व्हायोलिन खांद्यावर. त्याच्या उजव्या टोकावर हलकेच टेकलेलं काहीतरी होतं, आणि ते डोळे मिटून होतं.

मी डोळे मिटले.

हिमांशू रस घेऊन आला तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. त्यानं हेडफोन लावून शेवटचं ऐकलं. ग्लास तोंडाशी नेता नेता थांबला.

"हे तू वाजवलंस?"

"नाही."

"फालतूपणा करू नको. हेच पाठवायचं. रिपीट काय घेतलास यार! सावनीमावशीच्या जुन्या सीडीसारखा."

"पहिलं पाठव."

"गोकुळ, पहिल्यात वरात आहे. यात... ऐक तरी."

"मी ऐकणार नाही. पहिलं पाठव. ते माझं आहे."

मी एवढ्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पहिलं पाठवलं. शेवटचं मी माझ्या हातानं पुसून टाकलं.

७

जूनच्या सुरुवातीला उत्तर आलं. हिमांशूनं वाचून दाखवलं. तुमचा हात अजून कच्चा आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण दुसऱ्या फेऱ्यात वरच्या सुरावर जाताना तुम्ही जे करता ते आम्ही कुणाकडून ऐकलेलं नाही. त्यासाठीच तुम्हाला घ्यायचा विचार आहे. सोमवारी व्हिडिओवर आमच्यासमोर वाजवून दाखवा, मग पक्कं.

मी व्हायोलिन घेऊन गावाला आलो. आईला सांगायचं होतं आणि त्या फ्लॅटमध्ये आता पाय ठेवायचा नव्हता. माझी किल्ली मी हिमांशूकडं देऊन टाकली.

माझी आई भागूबाई, तिनं मला व्हायोलिन वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं, लहानपणी मी कचरूकाकाचा हिसका तोंडानं काढायचो तेवढाच ऐकलेला. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली आणि म्हणाली, "वाजीव बरं, कशासाठी नेत्यात तुला तिकडं ते बघू."

पहिला फेरा वाजवला. आई मान हलवत होती. मी गज खाली घेतला नाही, सरळ दुसऱ्यात शिरलो. आणि पुन्हा साधाच वाजवला.

"आता तेच कशाला पुन्यांदा?" आई म्हणाली.

मी पुन्हा घेतलं. वरच्या सुराशी आलो. हिसका द्यायचा, एवढं माहीत होतं. तो कसा देतात ते बोटांना माहीत नव्हतं. सूर सरळ गेला. पुन्हा. पुन्हा सरळ. मी कचरूकाकाला डोळ्यांसमोर आणलं, त्याचे फुगलेले गाल, वर उचललेली क्लॅरिनेट. सगळं दिसत होतं. आवाज नव्हता.

गरमी आहे, म्हटलं. प्रवासानं थकलोय. व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. कडूबाई मावशी.

"आलास तर सांगायचं व्हतं की रं! मी पानी भरायला कुलूप काढलं तर आतल्या खोलीतून सुरू. घाबरले ना मी."

"मावशी, मी गावाला आहे."

"गावाला? मग आत कोण हाय?"

"आतलं दार उघडू नका. मावशी, ऐका. फोन तिथंच धरा."

तिनं फोन दाराशी नेला असावा. आधी नळाचा आवाज आला. मग व्हायोलिन. पहिला फेरा, साधा, संथ, कुठंही घाई नाही. हा हात माझा नव्हता. मी एकदा, बॉक्सवर बसून, हा हात ऐकला होता. फेरा संपला आणि शांतता झाली.

"थांबला बघ," कडूबाई हळूच म्हणाली. "खाली गाडीत बाई बी बसल्यात ऐकत."

मी पेटीकडं पाहिलं. झाकण लागलेलं होतं. डावा हात मांडीवर होता, बोटं जिथल्या तिथं.

फोनमधून दुसरा फेरा सुरू झाला. हळू हळू वर चढत गेला, आणि वरच्या सुराशी येताच वासरासारखा एक हिसका दिला.

ओट्यावर आईचे हात थांबले. "ह्यो तर तूच की," ती म्हणाली.

फेरा पुरता वाजला. मग नळाचा आवाज परत आला, आणि कडूबाईचा, आतल्या दाराकडं तोंड केल्यासारखा, अगदी कौतुकानं.

"आज बरं वाजवलंस बघ. सबुरीनं."